२०० एमबीपीएसचे कनेक्शन आणि चार वेगळे आकडे

आपला प्रश्न मी आधी थोडक्यात मांडतो. नाशिकमध्ये पाथर्डी फाट्याजवळ तिसऱ्या मजल्यावर आपला फ्लॅट आहे आणि २०० एमबीपीएसचे फायबर कनेक्शन आहे. मोबाइलवर हॉलमध्ये चाचणी घेतली तर १८० येतात, आतल्या बेडरूममध्ये ३५ येतात. लॅपटॉप वायरने राउटरला जोडला तर आकडा दरवेळी ९४ च्या आसपासच थांबतो, आणि त्याच जागी बसून दुसऱ्या संकेतस्थळावर चाचणी घेतली तर ६० दिसतात. रात्री आठनंतर ऑफिसच्या मीटिंगमध्ये आवाज तुटतो. कंपनीचा माणूस दुपारी येऊन स्वतःच्या फोनवर १९० दाखवून गेला आणि ‘आमच्या बाजूने सगळे ठीक आहे’ असे म्हणाला. यातला खरा आकडा कोणता आणि दोष कुणाचा, असे आपण विचारले आहे.

माझ्या मते हे सगळेच आकडे खरे आहेत, मात्र ते एकाच गोष्टीचे नाहीत. मी सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत मोजमापाच्या उपकरणांच्या कॅलिब्रेशनचे काम करतो. बाहेरचा व्यास मोजणारे मायक्रोमीटर कितीही अचूक असले तरी भोकाचा आतला व्यास त्याने मोजता येत नाही, आणि तसा प्रयत्न केल्यास जो आकडा हाती येतो त्याचा दोष मायक्रोमीटरला देता येत नाही, हे आमच्याकडे नवशिक्यालाही पहिल्या आठवड्यात शिकवले जाते. इंटरनेटच्या वेगाबाबत मात्र आपण सर्वजण एक बटण दाबतो, काटा फिरताना पाहतो आणि थांबेल तो आकडा ‘कनेक्शनचा वेग’ समजतो. प्रत्यक्षात तो आकडा आपला मोबाइल किंवा लॅपटॉप, घरातले वाय-फाय किंवा वायर, राउटर, कंपनीपर्यंत जाणारी फायबर, कंपनीचे पुढचे जाळे आणि अखेरीस चाचणीचा सर्व्हर या सगळ्यांत जो टप्पा सर्वांत अरुंद असेल त्याचा असतो. म्हणून एकेक टप्पा वेगळा काढून मोजल्याशिवाय दोष कुठे आहे हे ठरत नाही.

सुरुवात ९४ या आकड्यापासून करतो, कारण आपल्या प्रश्नातला सर्वांत बोलका आकडा तोच आहे. कनेक्शन मंदावले असते तर कधी ८०, कधी ११०, कधी १४० असे आकडे आले असते. दरवेळी ९४ येणे ही १०० एमबीपीएसच्या इथरनेट जोडणीची खूण आहे. वायरवरून माहिती जाते ती लहान लहान पुड्यांत जाते, आणि प्रत्येक पुडीला पत्ता, क्रमांक व दोन पुड्यांमधले अंतर एवढा भार असतो. वायरवर १५३८ बाइटांची जागा लागते तेव्हा त्यातून आपल्या कामाचे साधारण १४५० ते १४६० बाइटच पोहोचतात. त्यामुळे १०० च्या वायरवर उत्तमातली उत्तम चाचणी ९४ किंवा ९५ च दाखवते. आपल्या लॅपटॉपपर्यंत २०० पोहोचतच नाहीत. ते राउटर आणि लॅपटॉप यांच्यामधल्या मीटर-दोन मीटर वायरीत अडकलेले आहेत. वायरने जोडलेला लॅपटॉप मोबाइलच्या मागे पडतो हे आपल्याला पडलेले कोडे त्यामुळेच निर्माण झाले आहे.

याची कारणे तीन असू शकतात. पहिले आणि सर्वांत सोपे कारण राउटरच्या पोर्टचे आहे. फायबर ज्या पेटीत येते, जिला आपल्याकडचे लाइनमन ओएनयू म्हणतात, तिच्या बऱ्याच स्वस्त मॉडेलांत एकच पोर्ट १००० एमबीपीएसचा असतो आणि बाकीचे १०० चे असतात. पेटीच्या मागे पोर्टखाली ‘जीई’ (१००० चा) आणि ‘एफई’ (१०० चा) अशी इंग्रजी अक्षरे बहुधा छापलेली असतात. वायर ‘एफई’च्या पोर्टमध्ये असेल तर ती ‘जीई’मध्ये घालावी, काम तिथेच संपेल. दुसरे कारण लॅपटॉपचे आहे. जुन्या लॅपटॉपांचा आणि यूएसबीला जोडायच्या स्वस्त अडॅप्टरांचा इथरनेट १०० चाच असू शकतो. तिसरे कारण स्वतः वायर आहे. इथरनेटच्या वायरीत तारांच्या चार जोड्या असतात. १०० एमबीपीएसला त्यातल्या दोनच लागतात आणि १००० ला चारही लागतात. एखादी जोडी तुटली किंवा कनेक्टरमध्ये नीट बसली नाही तर बहुतेक उपकरणे काही न बोलता १०० वर उतरतात. इंटरनेट चालू राहते, दिवे लागलेले राहतात आणि बिघाड झाला आहे अशी शंकाही येत नाही. विंडोजमध्ये नेटवर्कच्या सेटिंगमध्ये इथरनेटच्या तपशिलात ‘लिंक स्पीड’ दिसतो. तिथे १०० दिसले तर आधी पोर्ट बदलून पाहावा, मग वायर, मग दुसरा लॅपटॉप, आणि दरवेळी एकच गोष्ट बदलावी.

हे मी एवढ्या आग्रहाने सांगतो, कारण इंदिरानगरच्या माझ्या घरी हेच घडले होते. माझी योजना १५० ची होती, वायरवर ९४ यायचे, आणि मी अडीच आठवडे कंपनीशी वाद घालत होतो. शेवटी एका रविवारी मी हॉलपासून अभ्यासाच्या खोलीपर्यंतची वायर उकलून पाहिली, तेव्हा दाराच्या चौकटीशी वायर पकडणारी क्लिप ठोकताना तिचा खिळा वायरीच्या कडेतून गेलेला आढळला. वायर बदलताच १४२ आले. ज्या लाइनमनला मी दोनदा घरी बोलावून बरेच ऐकवले होते, त्याला मी त्याच संध्याकाळी फोन करून माफी मागितली. तेव्हापासून कंपनीला फोन लावण्यापूर्वी घरातला टप्पा तपासायचा, हा नियम मी कटाक्षाने पाळतो.

आता बेडरूममधले ३५. हा प्रश्न पूर्णपणे वाय-फायचा आहे आणि कंपनीला तो सोडवता येणार नाही. आपला राउटर बहुधा २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन्ही पट्ट्यांवर प्रक्षेपण करतो आणि दोन्हींना एकच नाव दिलेले असते. हॉलमध्ये मोबाइल ५ वर असतो. भिंतीआड गेल्यावर ५ चा जोर लवकर ओसरतो, म्हणून मोबाइल २.४ वर जातो. २.४ च्या पट्ट्यावर २० मेगाहर्ट्झ रुंदीच्या चॅनेलवर वाय-फायच्या जुन्या ‘एन’ पद्धतीने एका अँटेनाचा मोबाइल जोडला तर जोडणीचा कागदोपत्री वेग ७२ एमबीपीएस असतो, आणि वाय-फायमध्ये ऐकणे, थांबणे, पोच देणे यांत बराच वेळ जात असल्यामुळे हाती साधारण निम्मा ते दोन तृतीयांश उरतो. म्हणजे साधारण ३५ ते ४८. आपले ३५ याच हिशेबात चपखल बसतात. शिवाय २.४ च्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारी चॅनेले १, ६ आणि ११ अशी तीनच आहेत. पाथर्डी फाट्यावर इमारतींची दाटी आहे, आणि आपल्या फोनला शेजारपाजारची पंधरा-वीस नावे दिसत असतील तर ती सगळी त्याच तीन चॅनेलांत आळीपाळीने बोलत आहेत असे समजावे. मायक्रोवेव्ह ओव्हनही २.४५ गिगाहर्ट्झच्या आसपासच काम करतो, त्यामुळे स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून ठेवलेल्या राउटरवर जेवण गरम करण्याच्या वेळी परिणाम होतो.

उपाय म्हणून पहिल्यांदा राउटरची जागा पाहावी. आपल्याकडे फायबर जिथून आत येते तिथेच, म्हणजे दारामागे, मीटरच्या बोर्डाशेजारी किंवा टीव्हीच्या युनिटच्या कपाटात पेटी बसवली जाते, आणि घराच्या एका कोपऱ्यातून साऱ्या घराला वाय-फाय पुरवावे अशी अपेक्षा केली जाते. राउटर घराच्या मध्यभागी, डोक्याच्या उंचीवर, उघड्यावर असावा. तो हलवता येत नसेल तर बेडरूमपर्यंत चांगली वायर टाकून तिथे दुसरा ॲक्सेस पॉइंट, म्हणजे वायरीवरून वाय-फाय पुरवणारी पेटी, लावावा. बाजारात मिळणाऱ्या साध्या रिपीटरच्या नादी शक्यतो लागू नये, कारण तो त्याच हवेत एकदा ऐकतो आणि एकदा बोलतो, त्यामुळे वेग जवळपास निम्मा होतो. पंचवटीत माझ्या मामांच्या जुन्या वाड्यात भिंती दोन-दोन फूट जाडीच्या आहेत. तिथे आम्ही तीन रिपीटर लावून पाहिले आणि अखेर जिन्याजवळून वायर नेली, तेव्हाच माडीवर मामींना नातवाशी व्हिडिओवर नीट बोलता येऊ लागले. काँक्रीटच्या फ्लॅटमध्ये एवढी अडचण नसते, पण सळ्या असलेला कॉलम किंवा आरशाचे कपाट आड आले तरी फरक पडतो.

६० आणि ९४ यांतला फरक मात्र ना वाय-फायचा आहे ना वायरीचा, कारण दोन्ही आकडे आपण एकाच जागी, एकाच लॅपटॉपवर घेतले आहेत. इथे चाचण्यांच्या स्वभावातला फरक दिसतो. ऊक्ला या कंपनीची स्पीडटेस्ट एकाच वेळी अनेक जोडण्या उघडते आणि जवळचा, कमी पिंगचा, म्हणजे संदेश जाऊन परत यायला कमी वेळ लागणारा, सर्व्हर आपण होऊन निवडते. तो सर्व्हर कित्येकदा आपल्याच इंटरनेट कंपनीच्या जाळ्यात बसवलेला असतो. त्यामुळे आपल्या घरापासून कंपनीच्या दारापर्यंतचा रस्ता किती रुंद आहे हे ती चांगले सांगते, पण त्या दाराबाहेर काय आहे याविषयी फारसे सांगत नाही. एम-लॅब या इंटरनेट मोजणाऱ्या खुल्या प्रकल्पाची चाचणी एकाच जोडणीवर माहिती पाठवते आणि तिचे सर्व्हर मुद्दाम इंटरनेट कंपन्यांच्या जाळ्याबाहेर ठेवलेले आहेत. नेटफ्लिक्सने २०१६ मध्ये सुरू केलेली फास्ट डॉट कॉम ही चाचणी नेटफ्लिक्स ज्या सर्व्हरांवरून चित्रपट पाठवते त्यांच्याकडूनच माहिती आणते. म्हणजे कंपनीने एखाद्या बाजूचा रस्ता अरुंद ठेवला असेल तर एक चाचणी खूश असते आणि दुसरी नाराज, आणि दोन्ही बरोबर असतात.

एका जोडणीची चाचणी कमी का दाखवते, हेही समजून घेण्यासारखे आहे. पाठवणारा सर्व्हर काही माहिती पाठवतो आणि पोच येण्याची वाट पाहतो. पोच येईपर्यंत किती माहिती वाटेत ठेवता येईल याला मर्यादा असते. ती मर्यादा ६४ किलोबाइट आहे आणि पोच यायला २०० मिलिसेकंद लागतात असे धरले, तर घरी १००० एमबीपीएस असले तरी त्या जोडणीवर २.६ एमबीपीएसच्या वर काही मिळणार नाही. आजची संगणकप्रणाली ही मर्यादा गरजेप्रमाणे वाढवते, म्हणून प्रत्यक्षात एवढे वाईट होत नाही, पण तत्त्व तेच राहते: सर्व्हर जितका दूर आणि वाटेत पुड्या जितक्या गळतात, तितका एका जोडणीचा वेग खाली येतो. नाशिकहून मुंबई रस्त्याने पावणेदोनशे किलोमीटरच्या आत आहे. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, त्यामुळे मुंबईच्या सर्व्हरचा पिंग पाच-दहा मिलिसेकंद असणे स्वाभाविक आहे. चाचणी पिंग ६० किंवा ७० दाखवत असेल तर सर्व्हर मुंबईचा नाही किंवा वाट फार फिरून जाते आहे, हे ओळखावे. म्हणून चाचणीच्या पानावर सर्व्हरचे नाव व गाव पाहावे, शक्य असेल तिथे मुंबईचा पण आपल्या कंपनीचा नसलेला सर्व्हर स्वतः निवडावा आणि दरवेळी तोच ठेवावा. सगळी वाहतूक दुसऱ्या सर्व्हरमार्गे नेणारा व्हीपीएन चालू असेल तर तो आधी बंद करावा, अन्यथा चाचणी व्हीपीएनची होते.

कंपनीच्या माणसाने दाखवलेले १९० याच प्रकाशात पाहावेत. त्याने फसवणूक केली असे मला वाटत नाही. राउटरजवळ उभे राहून ५ गिगाहर्ट्झवर त्याने जवळच्या सर्व्हरशी चाचणी घेतली, आणि दुपारच्या त्या वेळी आपल्या घरापासून कंपनीपर्यंतची फायबर ठणठणीत आहे हे त्यातून सिद्ध झाले. ही माहिती आपल्याही उपयोगाची आहे. त्यातून न सिद्ध झालेली गोष्ट एवढीच की रात्री आठनंतर काय होते.

आणि खरी अडचण तीच आहे. व्हिडिओ मीटिंगला तीन-चार एमबीपीएस पुरतात, त्यामुळे आवाज तुटण्याचा संबंध २०० पैकी १८० मिळतात की ९४, याच्याशी नाही. आवाज तुटतो तो विलंबामुळे किंवा पुड्या गळाल्यामुळे. याची दोन कारणे संभवतात आणि ती वेगळी करणे सोपे आहे.

पहिले कारण घरातलेच आहे. संध्याकाळी घरातले सगळे परततात, फोन वाय-फायला जोडले जातात आणि दिवसभराचे फोटो व व्हिडिओ क्लाउडवर चढू लागतात. आपल्या योजनेचा वर जाणारा वेग समजा २० एमबीपीएस आहे आणि राउटरने १ मेगाबाइट माहिती रांगेत उभी केली, तर रांगेच्या शेवटी उभ्या राहिलेल्या आपल्या आवाजाला ४०० मिलिसेकंद थांबावे लागते. द्वारका चौकात रस्ता कितीही रुंद केला तरी सिग्नलला पुढे शंभर गाड्या असतील तर रुग्णवाहिकाही त्यांच्या मागेच अडकते, तसे हे आहे. या दोषाला बफरब्लोट हे नाव २०१० च्या अखेरीस संगणकतज्ज्ञ जिम गेटीस यांनी दिले, आणि २०१२ मध्ये कॅथलीन निकोल्स व व्हॅन जेकबसन यांनी रांग आटोक्यात ठेवण्याची ‘कोडेल’ ही पद्धत मांडली. तपासणी अशी करावी: लॅपटॉपवर १.१.१.१ या पत्त्याला सतत पिंग चालू ठेवावे आणि दुसऱ्या फोनवरून एखादा मोठा व्हिडिओ क्लाउडवर चढवावा. ८ असलेला पिंग ३०० किंवा ४०० झाला तर दोष सापडला. क्लाउडफ्लेअरची चाचणी आणि फास्ट डॉट कॉमचा ‘अधिक माहिती’चा भाग, दोन्ही रिकाम्या वेळचा आणि भाराखालचा विलंब वेगवेगळा दाखवतात. मला तर वेगापेक्षा तोच आकडा जास्त मोलाचा वाटतो. उपाय म्हणजे राउटरमध्ये रांग आटोक्यात ठेवणारी ‘एसक्यूएम’ किंवा ‘एफक्यू-कोडेल’ची सोय असेल तर ती चालू करून वेगाची मर्यादा मोजलेल्या वेगाच्या ९० टक्क्यांवर ठेवावी. ती नसेल तर फोटो रात्री बारानंतरच चढतील अशी सवय घरात लावावी.

दुसरे कारण कंपनीकडचे आहे. घरोघरी फायबर पुरवण्याच्या नेहमीच्या जीपॉन पद्धतीत एका फायबरवरचे सुमारे २.५ जीबीपीएस (२५०० एमबीपीएस) प्रकाश विभागणाऱ्या स्प्लिटरमधून अनेक घरांत वाटले जातात. ३२ घरे असतील आणि सर्वांनी एकाच क्षणी पूर्ण वेग मागितला तर प्रत्येकाच्या वाट्याला ७७ च्या आसपास येतील. एरवी तसे होत नाही, म्हणून व्यवस्था चालते. पण रात्री आठ ते अकरा या वेळेत तिथे, किंवा त्यापुढे कंपनीने बाहेरून घेतलेल्या बँडविड्थमध्ये, टंचाई होऊ शकते. ती सिद्ध करायची तर मोबाइल, टीव्ही, कॅमेरे असे सगळे बंद करून, फक्त वायरने जोडलेल्या एका लॅपटॉपवर, त्याच सर्व्हरशी, सकाळी सहा आणि रात्री नऊ अशा दोन वेळी निदान पाच दिवस चाचणी घ्यावी. एकदा घेतलेल्या चाचणीला मी पुरावा मानत नाही. प्रत्येक वेळी तीन चाचण्या घेऊन मधला आकडा लिहावा. २०० च्या जोडणीवर दहा सेकंदांची एक चाचणी २५० मेगाबाइट खाते, हे मात्र लक्षात असू द्यावे, आणि महिन्याची मर्यादा ओलांडल्यावर योजनेचा वेग कितीवर उतरतो तेही एकदा वाचून ठेवावे.

फायबरच्या प्रकाशाबद्दल एवढेच की राउटरच्या सेटिंगच्या पानावर ‘आरएक्स पॉवर’, म्हणजे आपल्यापर्यंत पोहोचलेल्या प्रकाशाची ताकद, डीबीएम या एककात दिसते. ती उणे १५ ते उणे २५ डीबीएम असेल तर चिंता नको, उणे २७ च्या पलीकडे गेली तर कंपनीला बोलवावे. दर ३ डीबी घटीला प्रकाश निम्मा होतो. कपाटामागे करकचून वळलेली फायबर, धूळ बसलेला कनेक्टर किंवा रस्ता खोदताना तुटून घाईत जोडलेली केबल ही कारणे त्यामागे सापडतात. स्वतः फायबर ओढू नये आणि तिच्या टोकात डोकावू तर मुळीच नये, कारण तो प्रकाश डोळ्यांना दिसत नाही.

तक्रार करायची वेळ आलीच तर ‘नेट स्लो आहे’ असे लिहू नये. ‘वायरवर, १००० च्या लिंकवर, अमुक सर्व्हरशी, सकाळी ६ वाजता १८८ आणि रात्री ९ वाजता ४१, पाच दिवसांची नोंद सोबत’ असे लिहावे आणि डॉकेट क्रमांक, म्हणजे तक्रारीचा नोंद क्रमांक, मागून घ्यावा. मुदतीत उत्तर मिळाले नाही किंवा पटले नाही तर २०१२ च्या ट्रायच्या, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या, नियमांनुसार त्याच कंपनीच्या अपिलीय प्राधिकरणाकडे ३० दिवसांत विनाशुल्क अपील करता येते. ट्राय स्वतः ग्राहकांच्या वैयक्तिक तक्रारी सोडवत नाही, त्यामुळे तिकडे थेट अर्ज करण्यात वेळ घालवू नये. माणूस दुरुस्ती करून गेला की तक्रार बंद करण्यासाठी आपल्याकडे ओटीपी मागतो. तो दुपारी लगेच देऊ नये. त्याच वायरने, त्याच सर्व्हरशी रात्री नऊला पुन्हा मोजावे, आकडा लिहून ठेवावा आणि मग ओटीपी द्यावा.